ढलप्यांची दिशा

१

टकटकला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस एकच उरलं होतं, ते म्हणजे त्याची ताई. तीही चिडली तरच. बाकी सगळ्या ऑफिसात तो टकटक. भाड्याने दिलेली घरं मालकांच्या वतीने तपासायची हे त्याचं काम. स्क्रूड्रायव्हरची मूठ भिंतीवर, फरशीवर, दारावर ठोकत जायचं आणि कान द्यायचा. भरीव आहे, पोकळ आहे की आतून ओल धरलीय, हे त्याला ठोकल्याबरोबर कळायचं.

फोटोंची पद्धतही ठरलेली होती. भाडेकरू येण्याआधी प्रत्येक खोलीचा फोटो एका कोपऱ्यातून काढायचा आणि पुढे दर तपासणीला नेमका त्याच कोपऱ्यात उभं राहून. दोन फोटो शेजारी ठेवले की घर स्वतःच चहाडी करतं. मग निवाडा करायचा: ही वापराने झालेली झीज, की भाडेकरूची हेळसांड? झीज मालकाच्या माथी, हेळसांड भाडेकरूच्या. ऑफिसला हेळसांड जास्त आवडायची, हे वेगळं सांगायला नको.

टकटकला मात्र या एका शब्दाची चीड होती. गळक्या नळाखाली बादली लावून दिवस काढणाऱ्या म्हातारीच्या नावावर ‘हेळसांड’ लिहायची त्याची तयारी नसे. त्यावरून त्याची ऑफिसच्या प्रमुख बाईंशी रोज जुंपायची.

“पगार कुणाचा घेतोस रे? मालकांचा की भाडेकरूंचा?”

“भिंतींचा, बाई. त्या खोटं बोलत नाहीत.”

“मग त्यांनाच चहा मागत जा,” बाई म्हणायच्या, पण त्याचे अहवाल कधी परत पाठवायच्या नाहीत. कारण ते चुकायचे नाहीत.

२

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात तिघं राहत होती. नवरा बेकरीत भट्टीवर कामाला, बायको घरी शिलाई करायची आणि तिची म्हातारी आई. टकटक गेला तेव्हा नवरा कामावर होता. बायकोने दार उघडलं, पण उंबऱ्यातच उभी राहिली.

“आज नका येऊ. घर आवरलेलं नाही.”

“अहो, पसारा बघायला नाही आलो मी. ओल बघायला आलोय.”

“येऊ दे गं त्याला,” आतून म्हातारी म्हणाली. “नाही म्हटलं तर चौघं घेऊन येईल.”

घर आवरलेलं नाही, हे धादांत खोटं होतं. स्वयंपाकघरातल्या ओट्यात तोंड दिसत होतं. नळाखाली थेंब नाही, खिडक्यांच्या कड्या तेल घातलेल्या, शिलाई मशीनच्या खाली जुनं पोतं अंथरलेलं, फरशीला चरे पडू नयेत म्हणून. असे भाडेकरू दिव्याने शोधूनही सापडत नाहीत. टकटक मनातल्या मनात शाबासकी देत आतल्या खोलीत गेला आणि नेहमीच्या कोपऱ्यात उभा राहून त्याने कॅमेरा वर केला.

कपाट चुकीच्या जागी होतं.

आधीच्या फोटोत ते लोखंडी कपाट खिडकीजवळ होतं. आता ते समोरच्या भिंतीत असलेल्या अडगळीच्या खोलीच्या दारापुढे, जेमतेम माणूस शिरेल एवढी फट ठेवून उभं होतं. अडगळीची खोली म्हणजे जेमतेम एक पलंग मावेल एवढी, बिनखिडकीची. तिचं दार खोलीच्या बाजूला उघडायचं. जी बाई मशीनखाली पोतं अंथरते, तिच्या घरात कपाट ओढल्याचे चरे फरशीत खोल गेले होते. एकदाच ओढल्याचे नव्हेत. पुन्हापुन्हा, एकावर एक.

“हे इथे का आणलंत?”

“उजेड येतो ना खिडकीतून. मशीनला,” ती म्हणाली. मशीन बाहेरच्या खोलीत होतं.

तो कपाट आणि भिंत यांच्यामध्ये शिरला आणि त्याने विजेरी लावली. दारावर आडवी फळी ठोकलेली होती. बोटभर लांबीचे स्क्रू थेट चौकटीत गेलेले. दाराच्या कडीवर दुसरी कडी, तिच्यावर तिसरी. सवयीने त्याचा हात वर गेला आणि त्याने स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने दारावर ठोकलं. टक, टक...

तिसऱ्या ठोक्याआधी तिने झडप घालून त्याचं मनगट धरलं. नखं रुतली.

“नका. ठोकू नका.”

तिची बाही वर सरकली होती. मनगटापासून कोपरापर्यंत काळंनिळं.

तेवढ्यात पावलं वाजली. कुणीतरी अनवाणी धावत होतं. फरशीवर तळवे आपटत, दुरून जवळ, जवळ, अजून जवळ. मग एकदम थांबली. टकटकने वर छताकडे पाहिलं. वरच्या मजल्यावर पोरं धुडगूस घालत असणार. तिसरा मजला शेवटचा होता, हे त्याला जिना उतरताना आठवलं. गच्चीवर असतील पोरं, त्याने स्वतःला समजावलं.

३

पण जिना उतरण्याआधी त्याने बघायचं ते बघून घेतलं होतं.

दाराची वरची फळी तडकली होती, आणि लाकूड कधी खोटं बोलत नाही. घाव ज्या बाजूने बसतो, त्या बाजूला लाकूड दबतं. ज्या बाजूला फुटतं, तिकडे ढलप्या निघतात. या दाराच्या ढलप्या खोलीकडे वळलेल्या होत्या. म्हणजे घाव आतून बसले होते.

बाहेरून स्क्रू. बाहेरून फळी. आतून घाव. आणि बाईच्या हातावर काळेनिळे डाग.

त्याच्या कानशिलात रक्त चढलं.

“ताई,” तो हळू आवाजात म्हणाला, “घाबरू नका. मी आलोय आता. तुम्हाला या दाराआड कोण कोंडतं?”

ती त्याच्याकडे बघतच राहिली. मग हसू आल्यासारखा तिचा ओठ हलला, पण हसू आलं नाही. “मला कुणी कोंडत नाही हो.”

“नवरा मारतो?”

“ते मला मारत नाहीत.”

“माझी बहीण दोन वर्षं हेच वाक्य म्हणत होती.”

“जावयाचं नाव घेऊ नकोस,” दारातून म्हातारी कडाडली. “फोटो काढतोस ना सगळ्याचे? त्याच्या खांद्याचा काढ एकदा.”

नवरा जिन्यातच भेटला. पिठाने पांढरा झालेला किडकिडीत माणूस, उजव्या हाताला चिंध्यांची पट्टी. टकटकची नजर त्या पट्टीवर गेली आणि तिथेच अडकली. बायकोवर उगारलेला हात असाच तर दुखावतो. माणूस एका बाजूला कलून चालत होता, एक खांदा दुसऱ्यापेक्षा चार बोटं खाली, हे त्याने पाहिलं. पाहिलं आणि सोडून दिलं.

“दाराचं नुकसान आम्ही भरून देऊ, साहेब,” नवरा म्हणाला. “सांगाल तेवढं. फक्त आहे तसं राहू द्या.”

“राहू देतो ना,” टकटक दात आवळून म्हणाला. “बघाच तुम्ही.”

४

ताई त्याच्याकडे राहायला आल्याला बरेच दिवस झाले होते, तरी ती अजून न्हाणीघराचं दार लावून घेत नसे. घरात सगळ्या दारांना पडदे होते. तिच्या नवऱ्याने तिला कोंडलेलं टकटकनेच हुडकून काढलं होतं. बाहेरची कडी नवी आणि बाकी दार जुनं, एवढ्यावरून.

त्या संध्याकाळी त्याने तिला फोटो दाखवले.

“ढलप्या बघ. आतून मारलंय.”

तिने फोटो डोळ्यांजवळ नेला.

“मी खाली मारायचे,” ती म्हणाली. “बसून, लाथांनी. रडून रडून उभं राहायचं त्राण कुणाला असतं? हे तर डोक्याच्याही वर आहे. इतक्या उंच कोण मारतं रे?”

“स्टुलावर चढली असेल.”

“अंधारात? आणि मारणाऱ्याला वाटतं दार उघडावं, म्हणून तो कडीपाशी मारतो. याला कडी कुठे असते तेच माहीत नाही असं दिसतंय.” तिने फोटो परत दिला. “नीट बघ. तुझा राग माझ्या नवऱ्यावरचा आहे. तो या बिचाऱ्याच्या ताटात वाढू नकोस.”

“बिचारा? तू असं म्हणतेस?”

ती चिडली आणि तिने त्याला खऱ्या नावाने हाक मारली. पण त्याने ऐकलं नाही. न्याय करायला निघालेल्या माणसाला कान नसतात.

ऑफिसात त्याने जुने फोटोही काढून पाहिले. आधीचे भाडेकरू, त्यांच्याही आधीचे. कपाट दरवेळी खिडकीजवळ, पण फरशीवर ते चरे दरवेळी होते. दरवेळी पॉलिश करून बुजवलेले आणि दरवेळी पुन्हा उमटलेले. कारण एकच नोंदवलेलं: हेळसांड. एरवी टकटक इथे थबकला असता. त्या दिवशी त्याला वाटलं, फरशीच हलक्या दर्जाची आहे.

अहवाल त्याने असा लिहिला की वाचताना प्रमुख बाईंच्या हातातला कप खाली यायचा राहिला. त्याच्या शेजारच्या टेबलावरची चष्मा, हे तिचं ऑफिसातलं नाव, डोळे पुसत म्हणाली, “टकटक, आपण भिंतींसाठी काम करतो असं वाटायचं मला. आज पहिल्यांदा वाटलं, माणसांसाठी करतो.”

५

दार बदलायच्या दिवशी मिस्त्री होता, हवालदार होते, टकटक होता. नवऱ्याने आधी हात जोडले. मग मिस्त्रीने कपाट सरकवून पहिला स्क्रू काढला, तसा तो किडकिडीत माणूस वेड लागल्यासारखा झेपावला. त्याने मिस्त्रीला भिंतीवर आदळलं. हवालदारांनी मागून कवळ घातली तर त्यांच्या हाताला चावला, रक्त निघेपर्यंत. काठी गुडघ्यावर बसली. वाळलेली काटकी मोडावी तसा आवाज झाला. तो पडला, आणि पडल्या जागेवरून सरपटत जाऊन त्याने पाठ दाराला लावली.

“मी मारलं!” तो ओरडला. “बायकोला मीच मारलं, मीच कोंडलं, सगळं मी केलं! लिहून घ्या! घेऊन चला मला! फक्त फळी काढू नका!”

“कबूल झाला,” हवालदार चावलेला हात झटकत म्हणाले.

बायको ओरडली नाही. ती भिंतीला धरून उभी होती आणि तिची नजर नवऱ्यावर नव्हती. दारावर होती.

त्याला फरपटत नेलं. फरशीवर रक्ताची एक रेघ उमटली, कपाटाच्या चऱ्यांना आडवी. म्हातारी टकटकच्या समोर येऊन उभी राहिली.

“घर सोडून जा म्हणतात आम्हाला सगळे. आम्ही गेलो की पुढचे येतील. त्यांना कोण सांगेल? आम्हाला सांगितलं होतं का कुणी?”

“काय सांगायचं, आजी?”

तिने त्याच्या कपाळाकडे पाहिलं, असं, जणू ते किती टणक आहे याचा अंदाज घेत होती. मग ती बाहेर जाऊन बसली.

मिस्त्रीने दार उतरवलं. टकटकने विजेरी आत फिरवली. काही नव्हतं. पलंगाएवढी खोली, एक उलटी बादली, हात लांब केला तर लागेल अशी मागची भिंत. स्टूल नव्हतं. नवऱ्याने हलवलं असेल.

दाराची आतली बाजू त्याने उजेडात धरली. कोंडलेल्या माणसाच्या दाराला नखांचे ओरखडे असतात, तळव्यांचे डाग असतात. त्याने ताईच्या दारावर ते पाहिले होते. इथे तसलं काहीच नव्हतं. फक्त वर, त्याच्या डोक्यापेक्षा हातभर वर, एकच गोल खळगा होता. जुन्या जिन्याची पायरी मधोमध झिजते तसा झिजलेला, गुळगुळीत, तेलकट. त्यात दोनतीन आखूड केस चिकटले होते.

झीज, त्याच्या मनात आलं. ही हेळसांड नाही. ही झीज आहे.

“नवं दार कसलं लावायचं?” मिस्त्रीने विचारलं. “ऑफिसने हलकंच दिलंय.”

“लावा,” टकटक म्हणाला. “इथे आता कुणाला कोंडायचं नाही.”

६

ज्याने तक्रार लिहिली त्याने दुरुस्ती पास करायची नाही, असा ऑफिसचा नियम होता. म्हणून शेवटचे फोटो चष्मा काढणार होती, मिस्त्रीला घेऊन. टकटकला तिथे जायचं काही कारण नव्हतं. पण त्या केसांनी त्याला झोपू दिलं नव्हतं. तो भर दुपारी, चष्माच्या आधीच, एकटा गेला.

बायकोने दार उघडलं. कपाट पुन्हा खिडकीजवळ होतं. नवं दार पांढरंशुभ्र, एका छोट्या कडीचं, देखणं. तिच्या खोलीत ते पाहुण्यासारखं दिसत होतं.

“दार छान केलंत,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

“ते कपाट...” टकटकने सुरुवात केली.

“मला एकटीला ओढत नाही. ते एका बाजूने ओढायचे, मी दुसऱ्या. तरी माझे हात असे व्हायचे.” तिने बाह्या वर केल्या. कपाटाच्या कडेची रेघ दोन्ही हातांवर सारखी उमटलेली होती. सरळ, धारदार. कुठल्याही मुठीची नव्हे.

त्याने आयुष्यभर डाग वाचले होते. हा एवढा मोठा डाग त्याने वाचला नव्हता.

मग पावलं वाजली.

या वेळी त्याने छताकडे बघितलं नाही. आवाज दाराच्या आडून येत होता. पलंगाएवढ्या त्या खोलीत कुणीतरी धावत येत होतं आणि येतच होतं. खूप लांबून. तळवे फरशीवर फाडफाड आपटत, वेग वाढवत. हात लांब केला तर लागेल अशा भिंतीच्या पलीकडून, एवढी लांबी कुठून येते तेच कळेना.

“आई, बाहेर हो!” बायको ओरडली. “साहेब, खांदा लावा! हातानं नाही, हात मोडतो! खांदा!”

दोघं दारावर पडले, आणि त्याच क्षणी घाव बसला.

टकटकच्या दातांतून कळ गेली. छोटी कडी स्क्रूंसकट उखडून उडाली आणि बायकोच्या ओठावर बसली. तिचं तोंड रक्ताने भरलं. तिने दार सोडलं नाही. पावलं मागे गेली. सावकाश, लांब, आणखी लांब. मग थांबली. मग वळली.

“किती वेळ चालतं हे?”

“थकेपर्यंत,” ती रक्त थुंकत म्हणाली.

“ते थकेपर्यंत?”

तिने खांदा आणखी घट्ट रोवला.

दुसरा घाव. त्याच्या खांद्यात काहीतरी जागेवरून निघालं आणि तो गुरासारखा ओरडला. वरची फळी फुटली. पांढऱ्या ढलप्या त्याच्या केसांवर, मानेवर पडल्या. खोलीकडे वळलेल्या. मान वर करायची नाही, असं त्याचं सगळं शरीर सांगत होतं. पण सवय वाईट असते. नुकसान झालं की तो बघायचाच.

फटीत कपाळ होतं.

तेवढंच. रुंद, चौकटीच्या वरच्या कडेला टेकलेलं, सालपटं निघून लाल झालेलं, त्यात नव्या दाराचा पांढरा रंग भरलेला. डोळे फटीच्या खाली राहिले होते, ही दयाच म्हणायची. हातानं ठोकायची पद्धत त्याला ठाऊकच नसावी. ते कपाळ क्षणभर स्थिर राहिलं, मग मागे सरू लागलं. मागे, मागे, जिथे भिंत असायला हवी होती तिथून आरपार, रुपयाएवढं होईपर्यंत.

७

“टकटक?”

चष्मा नेहमीच्या कोपऱ्यात उभी होती. बाहेरचं दार उघडंच होतं. तिच्या मागे मिस्त्री. तिने कॅमेरा अर्धा वर केला होता आणि तो तसाच राहिला होता.

तिला काय दिसत होतं ते टकटकला तिच्या डोळ्यांतून लख्ख दिसलं. फुटलेलं नवं दार. तुटलेली कडी. तोंडातून रक्त गळणारी बाई, आणि तिच्या अंगावरून हात टाकून तिला दाराशी रेटून धरलेला पुरुष. तोच पुरुष, जो काही कारण नसताना, नियम मोडून, एकटाच तिच्या घरी आला होता.

“चष्मा, ऐक,” तो धापा टाकत म्हणाला. “ढलप्या बघ. ढलप्या कुणीकडे आहेत ते बघ. घाव आतून आहे.”

“दिसतंय मला,” चष्मा म्हणाली. तिचा आवाज थरथरत होता, संतापाने. त्याच्याच ओळखीच्या संतापाने. “तू आत्ता तिला तिथून बाहेर ओढलंयस.”

“नाही हो!” बायको ओरडली, तोंडातल्या रक्तातून. “ते मला मारत नाहीत!”

चष्माचे डोळे भरून आले. ती बाई हे म्हणणार, हे तिला माहीत होतं. टकटकच्या अहवालात होतं ते.

“मिस्त्री, ओढा त्याला.”

“नको. मिस्त्री, दोघं मिळून धरू. कपाट आणा. आधी कपाट आणा!” टकटकने टाचा फरशीत रोवल्या. चऱ्यांच्या खाचा त्याच्या टाचांना नेमक्या बसल्या, जणू त्या पावलांसाठीच कोरलेल्या. मिस्त्रीने त्याच्या निखळलेल्या खांद्याला हात घातला आणि पिरगळला. जग पांढरं झालं. टाच सुटली.

“मीच मारलं!” टकटक किंचाळला. “लिहून घे, मी मारलं, काय पाहिजे ते लिही, पण दार धर!”

मिस्त्रीने त्याला जमिनीवर दाबलं आणि गुडघा पाठीवर ठेवला. फरशीला लागलेल्या कानाला ती पावलं सगळ्यांच्या आधी ऐकू आली. अजून दूर होती. वेग घेत होती.

चष्मा पुढे आली, दाराला एकटी टेकलेल्या त्या बाईच्या समोर उभी राहिली आणि तिने अतिशय मायेने तिचा हात धरून तिला दारापासून बाजूला घेतलं.

“ताई,” ती म्हणाली, “घाबरू नका. मी आलेय आता.”